मूत्रपिंडाचा जुना आजार आणि सेप्सिस : वडिलांच्या आकड्यांचा अर्थ कसा लावावा?

माझ्या वडिलांना (वय ६८, वजन ६४ किलो, मधुमेह) चार वर्षांपासून मूत्रपिंडाचा आजार असून तो चौथ्या टप्प्यात आहे. एरवी त्यांचे क्रिएटिनिन (रक्तातला टाकाऊ पदार्थ; मूत्रपिंडाचे काम घटले की तो वाढतो) २.८ च्या आसपास असते. लघवीच्या संसर्गातून सेप्सिस (संसर्गाला शरीराने दिलेल्या बेताल प्रतिसादामुळे अवयव बिघडणे) झाल्यामुळे सोमवारपासून ते आयसीयूत आहेत आणि क्रिएटिनिन ५.३ वर गेले आहे. सिस्टर दर तासाला लघवीच्या पिशवीवरचा आकडा वहीत लिहितात. काल रात्रभर तो २० मिलिलिटरच्या पुढे सरकला नाही.

तक्त्यात सोफा गुणांकात (कोणता अवयव किती बिघडला हे मोजणारे गुण; जास्त गुण म्हणजे जास्त बिघाड) मूत्रपिंडाला ४ पैकी ४ गुण दिले आहेत. परंतु क्रिएटिनिन २ ते ३.४ असले की २ गुण धरतात, म्हणजे घरी पेपर वाचत बसलेले असतानाही त्यांचे २ गुण होतेच. मग या सेप्सिसने नेमके किती बिघडवले? शिवाय, किलोमागे ३० मिलिलिटर या हिशेबाने १९२० मिलिलिटर सलाईन द्यायला हवे होते असे एक नातेवाईक म्हणतात. डॉक्टरांनी एक लिटरच दिले. अँटिबायोटिकचा पहिला डोस मात्र पूर्ण दिला. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

नमस्कार. मी आयसीयूतच काम करतो. आपला हिशेब योग्य आहे : सेप्सिसच्या २०१६ च्या व्याख्येत गुणांची वाढ मोजली जाते, म्हणून मूत्रपिंडापुरते या आजारपणाच्या खाती २ गुण पडतात. तरीही जुने २ गुण निरुपद्रवी समजू नका. अशा रुग्णांच्या मूत्रपिंडात राखीव ताकद उरलेली नसते, पांढऱ्या पेशी दुबळ्या असतात आणि कित्येकदा ताप न आल्यामुळे निदानच उशिरा होते. त्यामुळे सेप्सिसमध्ये मृत्यूचा धोका निरोगी मूत्रपिंड असलेल्यांपेक्षा जास्त असतो, आणि जे वाचतात त्यांचेही क्रिएटिनिन पूर्वीच्या पातळीवर परतेलच असे नाही. त्यांच्या वजनाला तासाला निदान ३२ मिलिलिटर लघवी व्हायला हवी, तेव्हा डायलिसिसचा विषय डॉक्टरांकडे आपणच काढावा.

सेप्सिसच्या उपचारांसाठीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांतही ३० मिलिलिटरचा आकडा ही सूचनाच आहे, सक्ती नव्हे. थोडे देऊन, फुप्फुसे आणि रक्तदाब पाहून पुढचे ठरवणे ही चूक नाही. (‘किडनीवाल्याला पाणी चालतच नाही’ असे सांगणारेही भेटतील; तेही खरे नाही.) पहिला डोस पूर्णच द्यायचा असतो, कारण औषध आधी शरीरभर पुरेशा प्रमाणात पोहोचले पाहिजे, मूत्रपिंडानुसार कपात पुढच्या डोसांत होते.

उद्या जाताना जुन्या रिपोर्टांची फाईल न्या, मूळ पातळी त्यावरूनच ठरेल. आणि बाबा उजव्या हाताने काम करणारे असतील तर डाव्या हातात शक्यतो सुई टोचू नका असे सिस्टरना सांगा. पुढे फिस्टुला (डायलिसिससाठी हातातली शीर धमनीला जोडणे) करायची वेळ आलीच तर त्याच शिरा लागतील.