तातडीने मदत हवी आहे: रिबिल्डमध्ये (संघ नव्याने उभा करताना) तरुण खेळाडू ट्रेड (अदलाबदल) करावेत का?

कोपऱ्यातला_थ्री
उद्या रात्री १२ पर्यंत हो की नाही कळवायचंय, म्हणून थेट विचारतो. माझ्या एनबीए बास्केटबॉल टीमला तीन वर्षं प्लेऑफ (बाद फेरी) नाही. पहिली दोन वर्षं मुद्दाम तळाला राहिलो, पिक्स (नवे खेळाडू आधी निवडायचे हक्क) जमवले, पोरं घेतली. आता अनुभवी स्टार ड्युरंट मिळतोय, बदल्यात दोन तरुण द्यायचे. पोरं सोडवत नाहीत आणि हरून हरून जीवही विटलाय. काय करू? "मनाचं ऐक" असं कृपया नको.

झोन_डिफेन्स
कोणते दोन? ते सांगितल्याशिवाय काय बोलणार?

विदर्भ_हूप्स
आणि हे कशातलं आहे? टू-के व्हिडिओ गेम का फँटसी (खऱ्या खेळाडूंच्या आकड्यांवर चालणारी लीग)?

कोपऱ्यातला_थ्री
फँटसीच की. कॉलेजच्या मित्रांची डायनेस्टी (वर्षानुवर्षं चालणारी) लीग. स्टीफन कॅसल आणि जेलन ड्युरेन द्यायचे.

झोन_डिफेन्स
स्कोअरिंग नऊ कॅटेगरी (रिबाउंड, थ्री असे नऊ आकडे वेगवेगळे) का पॉइंट्स (सगळ्याचे मिळून गुण)? टीम किती? तू कितवा?

ह्यूस्टनवाली
मी इथे ह्यूस्टनमध्ये हेच सगळं डोळ्यांनी पाहिलंय. स्टार हार्डन गेल्यावर आमचे रॉकेट्स १७-५५ (१७ विजय, ५५ पराभव), मग २०-६२, मग २२-६०. तीन वर्षं टोयोटा सेंटरला जाऊन पराभव बघून घरी यायचं. २०२३ ला उडोका कोच म्हणून आला, अनुभवी व्हॅनव्लीट आला, तेव्हा कुठे ४१-४१, आणि २०२४-२५ मध्ये ५२-३०, पश्चिमेत दुसरे. त्यानंतर ड्युरंट घेतला. त्यासाठी जेलन ग्रीन गेला, जो २०२१ चा दोन नंबरचा पिक होता. ब्रूक्स गेला, दहावा पिक गेला. पण शेंगून, अमेन थॉम्पसन, जबारी स्मिथ या तरुणांना हात लावला नाही. आधी आपल्यातला कोण खरा आहे हे ओळखायचं, मग उरलेल्यांतून द्यायचा. तू तर दोन्ही चांगले एकदम देतोयस.

पिस्टन_पंखा
मी म्हणतो काहीच देऊ नकोस. डेट्रॉइट पिस्टन्स २०२३-२४ मध्ये १४-६८ होते, सलग २८ सामने हरले. तेव्हा ज्याला त्याला वाटत होतं केड (कनिंगहॅम, त्यांचा स्टार) सोडून सगळे विका. त्यांनी कुणाला विकलं? कोच बदलला, टोबायस हॅरिस, बीझली, हार्डवे असे बाहेरून शूट करणारे अनुभवी आणले. पुढच्याच वर्षी ४४-३८. त्या पोरांत ड्युरेनही होता! १३ वा पिक. आणि तू त्याला ३७ वर्षांच्या माणसासाठी देणार?

झोन_डिफेन्स
पिस्टनभाऊ, हा फँटसी खेळतोय. इथे कोचही नाही आणि बचावातली पोझिशनही मोजत नाहीत. खऱ्या टीमला रुकी (नवख्या खेळाडूचा) करार स्वस्त पडतो म्हणून तरुण हवे असतात. याच्या लीगमध्ये पगारच नसेल तर तो फायदा शून्य.

पिस्टन_पंखा
वय तर दोन्हीकडे सारखंच वाढतं ना? किंग्जने २०२२ ला हॅलिबर्टन देऊन पेसर्सचा सबोनिस घेतला. पोरगा २१ चा होता. २०२५ ला तोच पेसर्सना फायनलला घेऊन गेला.

विदर्भ_हूप्स
अर्धीच गोष्ट सांगतोयस. त्या ट्रेडनंतर किंग्ज २०२३ ला प्लेऑफला गेले, १६ सीझनच्या दुष्काळानंतर. तिथल्या माणसाला विचार ते वर्ष काय होतं. आणि ओकेसीने (ओक्लाहोमा सिटी) तरुण गिडीला सरळ अनुभवी करूसोच्या बदल्यात दिलं, वर एक पिकसुद्धा मागितला नाही, पुढच्या वर्षी चॅम्पियन. तरुण आहे एवढ्यासाठीच कुणाला धरून ठेवायचं नसतं.

पिस्टन_पंखा
ओकेसीचंच काढलंस तर २०१९ ला क्लिपर्सनी ओकेसीला तरुण शे (गिल्जस-अलेक्झांडर) दिला, पॉल जॉर्जसाठी. वर पाच पहिल्या फेरीचे पिक. त्यातल्याच एका पिकवर जेलन विल्यम्स आला. आता बोल.

मैदानावरचे_काका
मी १६ वर्षांखालच्या मुलींना शिकवतो. पालक सारखे म्हणतात, मोठ्या मुली घ्या, यंदा जिल्हा जिंकू. मी घेत नाही. लहानींना मिनिटं दिली नाहीत तर त्या दहावीला खेळ सोडतात. पोरांना खेळवा, बाळांनो.

विदर्भ_हूप्स
काका, हे मोबाइलवरच्या टीमबद्दल आहे. पण तुमचं म्हणणं पटलं. दहावीला आमच्याही टीममधले निम्मे गेले होते.

पहाटेचा_प्रेक्षक
सामने कुठे बघता सगळे? पहाटे साडेपाचला उठतो आणि ॲप अडकतं.

झोन_डिफेन्स
त्यासाठी वेगळा धागा काढ. कोपऱ्या, अजून स्कोअरिंग सांगितलं नाहीस!

कोपऱ्यातला_थ्री
ऑफिसमध्ये होतो. १२ टीम, हेड टू हेड (एका टीमचा दुसरीशी सामना), नऊ कॅटेगरी, सगळे खेळाडू पुढे ठेवता येतात. सातवा आहे, सहा प्लेऑफला जातात. माझ्याकडे ऑसार थॉम्पसन आणि कियोन्टे जॉर्जही आहेत. आणखी एक, पुढच्या वर्षी लीग चालेल का नक्की नाही. दोघं बाहेरगावी चाललेत, एकाला बाळ झालंय.

झोन_डिफेन्स
अरे, हे पहिल्या ओळीत लिहायचं! लीगच नसेल तर कॅसल २६ व्या वर्षी काय करेल याला काय अर्थ? तेव्हा ड्युरंट घे. फील्ड गोल आणि फ्री थ्रो, दोन्ही टक्केवारी चांगल्या, थ्री, पॉइंट्स. ड्युरेन गेला की रिबाउंड आणि फील्ड गोल टक्का पडेल, तेवढं कुठून भरशील ते बघ. कॅसलचे टर्नओव्हर (चेंडू गमावणं) जातील, ते बरंच.

ह्यूस्टनवाली
पण बॅक-टू-बॅकला (लागोपाठ दोन दिवस सामने असले की) ड्युरंट बसू शकतो हे धरून चल. २०१९-२० चं अख्खं वर्ष तो अकिलीजच्या (टाचेमागच्या स्नायूबंधाच्या) दुखापतीमुळे बाहेर होता. कॅसलऐवजी कियोन्टे जॉर्ज देऊन बघ ना. समोरच्याला ड्युरेनच हवा असेल.

पिस्टन_पंखा
मी अजूनही नाहीच म्हणतो. आधी ग्रुपवर विचार कोण कोण राहणार ते. जाणाऱ्यांच्या टीम दुसरं कुणी घेईल. मी घेतो एक, खरंच.

कोपऱ्यातला_थ्री
ताई, ऐकलं. ड्युरेन अधिक जॉर्ज अशी उलट ऑफर पाठवली, कॅसल ठेवला. ग्रुपवरही विचारलंय, ११ पैकी चौघं हो म्हणाले, बाकीच्यांनी अजून वाचलं नाही. पिस्टनभाऊ, बाहेरगावी जाणाऱ्यांपैकी एकाकडे केड आहे. तुला मेसेज केलाय.