ईलिंगचे जुने विनोदी सिनेमे: क्रम, आडवी दिसणारी माणसं आणि थोडं क्रिकेट

बर्डीवाला:
धरमपेठेतल्या आमच्या मंडळात मे महिन्यात जुने ब्रिटिश विनोदपट लावायचे आहेत, मुख्यतः ईलिंग स्टुडिओचे. डीव्हीडी ब्रिटनच्या आहेत. प्रोजेक्टरवर माणसं आडवी फुगलेली दिसतात आणि आवाजाचा सूर चढा वाटतो. सुरुवात कशाने करावी? निम्मी मंडळी क्रिकेटवेडी आहेत, त्यांच्यासाठी काही आहे का?

रीळवाला:
दोन्ही दुखणी वेगळी आहेत.

1953 च्या आधीचे हे सिनेमे जवळपास चौकोनी चित्राचे. प्रोजेक्टर ते रुंद, म्हणजे 16:9 आकारात ताणतो. मेन्यूत 4:3 निवडा. 'झूम' चुकूनही नको, कपाळं आणि हनुवट्या कापल्या जातात. लॅपटॉपवरून व्हीएलसी (व्हिडिओ प्लेअर) लावत असाल तर 'ए'ची कळ दाबत राहा, आकार बदलत जातो. दोन्ही बाजूंना काळे पट्टे दिसले की समजा जमलं.

आवाजाचं कारण पाल, म्हणजे ब्रिटनच्या डीव्हीडींची टीव्ही पद्धत. सिनेमा सेकंदाला 24 चौकटींचा, पाल डिस्क तो 25 ने पळवते. 106 मिनिटांचा 'काइंड हार्ट्स अँड कोरोनेट्स' 102 मिनिटांत संपला तर हेच झालंय. व्हीएलसीत वेग 0.96 करा, पण तेवढ्याने सूर उतरत नाही, कारण ते सॉफ्टवेअर सूर मुद्दाम तसाच राखतं. ऑडिओच्या सेटिंगमधलं 'टाइम-स्ट्रेचिंग' बंद करा, मग उतरेल. ब्लू-रेवर बहुधा ही भानगड नसते, मात्र ब्रिटनची ब्लू-रे रीजन (विभाग) 'बी'ची आणि आपले प्लेअर 'सी'चे, तेव्हा विकत घेण्याआधी डिस्कचं कव्हर बघा.

आणि बावा, मे महिन्यात कूलर चालणारच. त्या घरघरीत या सिनेमांतला नट अॅलेक गिनेस याचं पुटपुटणं ऐकू येणार नाही. इंग्रजी सबटायटल्स लावाच.

खामल्याचा_प्रेक्षक:
'काइंड हार्ट्स'ने सुरुवात नको. सगळा विनोद निवेदनाच्या थंड, सभ्य भाषेत आहे. नव्या माणसाला तो सापडेपर्यंत अर्धा सिनेमा जातो. आधी 'द लॅव्हेंडर हिल मॉब' (1951): चोरलेलं सोनं वितळवून आयफेल टॉवरच्या शोभेच्या वस्तू करतात. सव्वा तासाच्या आसपासचा मामला, कुणी कंटाळत नाही.

मग 'पासपोर्ट टू पिम्लिको' (1949). त्यात लंडन उकाड्याने हैराण आहे, आपल्याकडे मे महिन्यात तो वेगळाच लागेल! फक्त आधी दोन वाक्यांत सांगा की युद्ध संपलं तरी तिथलं रेशनिंग 1954 पर्यंत चाललं. हे माहीत नसेल तर लोक कुपनं का फाडतात तेच कळत नाही.

'काइंड हार्ट्स' तिसरा. त्यात गिनेस एकाच घराण्यातले आठ जण झालाय. सहा जण एकत्र दिसतात तो शॉट एकाच फिल्मवर, कॅमेरा जागचा न हलवता, चौकटीचा एकेक भाग झाकून पुन्हापुन्हा घेतलाय. प्रत अमेरिकन नाही ना, तेवढं तपासा. तिथे शेवटाला काही क्षणांची भर घालून सगळी गंमत घालवलीय.

'द लेडीकिलर्स' (1955) सगळ्यात शेवटी. तो रंगीत आहे. त्यानंतर कृष्णधवल लावलं की लोक उठतात.

लेगस्लिप:
क्रिकेटवाल्यांसाठी 'द लेडी व्हॅनिशेस' (1938). ईलिंगचा नव्हे, हिचकॉकचा. युरोप पेटायच्या बेतात असताना दोन इंग्रज गृहस्थांना मँचेस्टरची कसोटी गाठायची असते. सिनेमात ती पुरामुळे रद्द होते. त्याच वर्षी मँचेस्टरची खरी अॅशेस कसोटीही पावसाने एकही चेंडू न पडता गेली. ते दोघे नट, रॅडफर्ड आणि वेन, 'पिम्लिको'तही सरकारी बाबू म्हणून भेटतात.

'द फायनल टेस्ट' (1953) मध्ये हटन, कॉम्प्टन, बेडसर हे इंग्लंडचे क्रिकेटपटू स्वतःच्याच भूमिकेत आहेत. सिनेमा म्हणून बेताचा. हटनला बघायला मिळतं, एवढंच.

बर्डीवाला:
भारी! मध्यंतरात बॉडीलाइनवर, म्हणजे लेगला क्षेत्ररक्षकांची गर्दी करून फलंदाजाच्या अंगावर चेंडू टाकण्याच्या इंग्लंडच्या डावपेचावर बोलायचं आहे. इंग्लंडच्या लारवूडने ऑस्ट्रेलियाच्या ओल्डफील्डचं डोकं फोडलं, तिथून सुरुवात करू?

लेगस्लिप:
नको, लोक चूक पकडतील. 1933 च्या अॅडलेड कसोटीत ओल्डफील्डला चेंडू लागला तेव्हा बॉडीलाइनची फील्ड नव्हतीच, आणि त्याने हुकचा फटका मारला होता. ऑस्ट्रेलियाचा कर्णधार वुडफुलला छातीवर बसला तेव्हाही फील्ड साधीच होती. इंग्लंडचा कर्णधार जार्डिनने ती नंतर लेगला वळवली, आणि लोक भडकले ते त्याने. लेगला स्क्वेअरच्या मागे दोनच क्षेत्ररक्षक हा नियम 1957 चा.

फेकीचा (कोपर वाकवून चेंडू फेकण्याचा) विषय निघाला तर तो वेगळा ठेवा. ब्रिस्बेनला 1963 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या मेकिफला एकाच षटकात चारदा नो-बॉल दिला, तो वाद कोपराचा. 1962 मध्ये बार्बाडोसला वेस्ट इंडीजच्या ग्रिफिथचा चेंडू लागून भारताचा कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टरची कवटी फुटली, तिथे अंगावरच्या चेंडूचा आणि फेकीचा असे दोन्ही वाद एकत्र येतात: त्याच सामन्यात फेकीसाठी ग्रिफिथला नो-बॉलही मिळाला होता. पण कॉन्ट्रॅक्टरला लागलेला चेंडू तो नव्हे.