खोबरेलवाल्यांचे पैसे घेऊ का? (खाण्यापिण्यावर लिहिणाऱ्यांनी सांगा)

कुळागरवाली, डिचोली

नमस्कार. थोडे लांबेल, पण अर्धवट सांगून उपयोग नाही.

नऊ वर्षे मी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत रोजच्या खाण्यावर लिहीत होते. उकड्या तांदळाची पेज, कुळथाचे कढण, जून-जुलैत मासेमारी बंद असताना ताटात काय, असले विषय. दोन वर्षांपूर्वी नाचणीच्या बिस्किटांवर लिहिले. पुड्याच्या दर्शनी बाजूला नाचणीचे हे एवढे कणीस. मागे, माझ्या चष्म्यालाही न झेपणाऱ्या अक्षरांत घटक : मैदा, साखर, पाम तेल आणि चौथ्या नंबरावर नाचणी, ९ टक्के. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढेच मी समजावून सांगितले होते. शंभर ग्रॅमला २४ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे जवळजवळ पाच चमचे. कंपनीचे नावसुद्धा घेतले नव्हते. शनिवारी रात्री साडेनऊला फोन आला, "बाई, शेवटच्या पानावर त्यांचीच जाहिरात आहे, जरा मवाळ करता?" मवाळ म्हणजे काय, नऊचे एकोणीस करू? लेख छापला नाही. पुढचा मी दिला नाही.

तेव्हापासून दर शुक्रवारी म्हापशाचा बाजार करून आले की रात्री ईमेलने पत्र पाठवते. ३४० वाचक आहेत. वर्गणी ज्याची त्याने ठरवायची, महिन्याला अडीच हजारांच्या आसपास जमते. बसभाडे, पुडे विकत आणणे आणि इंटरनेट यातच ती संपते.

आता प्रश्न. घाण्याचे खोबरेल विकणाऱ्या एका कंपनीने विचारले आहे : तीन पत्रांचे पंधरा हजार. गोम अशी, की ते तेल माझ्या घरात आहे आणि चांगले आहे. तिसऱ्यांचे (शिंपल्यांचे) सुके मी दुसऱ्या तेलात करतच नाही. त्यांना 'हृदयासाठी हितकारक' हे शब्द हवेत, आणि 'जाहिरात' हा शब्द नको. 'अनुभव' म्हणा म्हणतात. घासाघीस केली तर दोन्ही अटी सुटतील असे वाटते. तशा सुटल्या, आणि वर ठळक 'जाहिरात' लिहून पैसे घेतले, तर चूक आहे का?

जाहिरातवाला, पणजी

घ्या. पंधरा हजार म्हणजे तुमची सहा महिन्यांची वर्गणी. पैसे घेऊन लिहिले तर तसे स्पष्ट सांगा, असे ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्येच समाजमाध्यमांवरच्या मंडळींना बजावले आहे. आरोग्याचे दावे करणाऱ्यांसाठी त्याच ऑगस्टमध्ये आणखी सूचना आल्या. म्हणजे 'अनुभव' म्हणायला सांगणारा माणूस तुम्हालाच खड्ड्यात घालतोय. 'जाहिरात' लिहा आणि निवांत झोपा. आम्ही सगळे असेच जगतो हो.

पथ्यपाणी, फोंडा

मी आहारतज्ज्ञ. 'हृदयासाठी' हा शब्द घासाघिशीचा नाहीच, तो खोटा आहे. खोबरेलात जवळजवळ ९० टक्के संपृक्त चरबी (सॅच्युरेटेड फॅट) असते आणि तिने वाईट कोलेस्टेरॉल वाढते. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी संपृक्त चरबीतून १० टक्क्यांच्या आतच यावेत. २००० उष्मांक धरले तर हे साधारण २२ ग्रॅम. दोन मोठे चमचे खोबरेल घातले की कोटा संपला, हुमणातला, म्हणजे माशांच्या आमटीतला, नारळ वेगळाच. म्हणून खाऊ नका असे मी कुणाला सांगत नाही, मीही खाते. चवीसाठी खा आणि चवीसाठी म्हणूनच विका, कोण अडवतो?

ताई, एक विचारू? हा वरचा परिच्छेद तुम्ही त्या तीन पत्रांत छापू शकाल का?

निवृत्त मास्तर, म्हापसा

आहारतज्ज्ञबाईंचा प्रश्न बरोबर जागी लागला आहे. साखरेची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या साखर उद्योगाच्या एका संस्थेने हार्वर्डच्या संशोधकांना साडेसहा हजार डॉलर दिले. १९६७ मध्ये त्यांचा आढावा एका नामांकित वैद्यकीय नियतकालिकात आला. हृदयरोगाचा ठपका चरबीवर, साखर बाजूला. पैसे कुणाचे, हे त्यात कुठेच नव्हते. उघड कधी झाले? २०१६ साली! त्या काळी तसे सांगायचा नियमही नव्हता. जाहिरातवाले म्हणतील, मग आता नियम आहे ना. आहे. पण बाई, उद्या तुम्ही 'कोणते तेल किती' असे पत्र लिहायला बसाल तेव्हा खोबरेलाच्या ओळीशी पेन थबकेल. माझे थबकले असते. शाळेत असताना गाइडवाल्याची दिवाळीची मिठाई घेतली होती, त्या वर्षी त्याच्या गाइडातल्या चुका मला दिसल्याच नाहीत.

दोन पोरांची आई, वास्को

मी त्या ३४० पैकी एक. तेलाचे मला कळत नाही, पण तुमचे पुडे उलटून बघायचे पत्र वाचल्यापासून धाकटा दुकानात पुडा उलटा धरून मोठ्याने वाचतो, दुकानदार वैतागलाय. पैसे घ्यायचेच तर खाण्याशी संबंध नसलेल्याचे घ्या, पंखे, चपला, काहीही. माझे महिन्याला पन्नास होते, आता शंभर पाठवते. आणि पोईचे, त्या कोंडा लावलेल्या तपकिरी गोवेकरी पावाचे, काय झाले? साखरेचा आजार असलेल्या माणसाने साधा पाव सोडून पोई खावी की नाही, लिहिणार होतात.

कुळागरवाली, डिचोली

सगळ्यांचे आभार. मास्तर, मिठाईचे वाचून हसले आणि मग हसू राहिले नाही.

मी कंपनीला कळवले : वर 'जाहिरात', आणि आत पथ्यपाणीताईंचा दोन चमच्यांचा हिशेब, त्यांच्या परवानगीने. उत्तर आले, "टीमशी बोलून सांगतो." आठ दिवस झाले, टीम अजून बोलतेच आहे. त्या पैशांत वजनकाटा घ्यायचा होता, तो राहिला.

वास्कोच्या बाय, पोईचे सांगते. आमच्या वाड्यावर सायकलवरून पों पों करत येणाऱ्या पोदेराला (पाववाल्याला) गाठले आणि मंगळवारी पहाटे चारला त्याच्या भट्टीवर गेले. विचारले, कोंडा किती? त्याने काही लपवले नाही. पोत्याचे तोंड उघडून दाखवले : तीन टोपल्या मैदा, एक टोपली गव्हाचे पीठ, आणि कोंडा पोई लाटताना वरून भुरभुरायला. वरचा तपकिरी रंग बघून मी इतकी वर्षे फसत होते, आणि दुसऱ्यांनाही फसवले, कारण २०१९ मध्ये 'पावापेक्षा पोई खा' असे मीच लिहिले होते. या शुक्रवारी ते दुरुस्त करणार. त्याला विचारले, लिहू का? म्हणाला, "बरय (लिही). पण सगळ्या गव्हाची केली तर घट्ट होते आणि लोक परत करतात, तेय बरय."

त्यात गैर काही नाही. एक खेप पूर्ण गव्हाच्या पिठाची करून दे, पैसे मी देते, असे ठरले आहे. रविवारी शेजारच्या सात घरांत न सांगता वाटणार आहे. किती परत येतात ते बघू. काटा शेजारणीकडून मागून आणलाय.