प्रतिसाद: अँटेनाइतकंच रीजनकडेही बघा

मेशटॅस्टिकच्या (मोबाइल नेटवर्कशिवाय, रेडिओवरून छोटे मेसेज पाठवायच्या प्रणालीच्या) बोर्डाबद्दल वरच्या एका प्रतिसादात ‘अँटेना जोडल्याशिवाय बोर्ड चालू करू नका’ असं म्हटलंय, ते शंभर टक्के खरं. पण त्याच प्रतिसादातलं ‘रीजन काहीही टाका, यूएस टाकलं तर रेंज जास्त मिळते’ हे मात्र पटलं नाही. रीजन म्हणजे बोर्ड कोणत्या देशाच्या फ्रिक्वेन्सीवर चालणार ते ठरवणारं सेटिंग. मेशटॅस्टिकमध्ये यूएस निवडलं की लाँगफास्टचा (आधीपासून निवडलेल्या नेहमीच्या मोडचा) मूळ चॅनल ९०६.८७५ मेगाहर्ट्झवर बसतो. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. म्हणजे आपण थेट त्यांच्या वाटेत घुसतो. ‘आयएन’ (भारत) निवडा, रेडिओ ८६५ ते ८६७ मध्ये राहतो.

माझी पहिली संध्याकाळ यातच गेली. एक हेलटेक व्ही३ बोर्ड मी इथे घेतलेला, दुसरा भाच्याने अमेरिकेतून आणलेला, तिकडेच सेट केलेला. दोन्ही एकाच टेबलावर, मध्ये फक्त चहाचे कप, आणि तरी मेसेज जाईना. ब्लूटूथ ठीक, चॅनल तोच, एन्क्रिप्शनची की तीच. तासभर फर्मवेअरला शिव्या घातल्यावर भाच्याच्या बोर्डावर रीजन यूएस दिसलं. ते बदलल्याबरोबर पोच आली. त्याची अँटेनाही ९१५ मेगाहर्ट्झची होती, तीही बदलली.

रेंजच हवी असेल तर उंची वाढवा. खिडकीच्या लोखंडी ग्रिलमागून गल्लीचं टोकही गाठता येत नव्हतं. तोच बोर्ड गच्चीवरच्या टाकीशेजारी काठीला बांधला आणि भाजी मंडईतून मेसेज यायला लागले. प्लॅस्टिकचा डबा मात्र घट्ट झाकणाचा घ्या, माझ्या पहिल्या डब्यात जूनमध्येच पाणी शिरलं.