घारापुरीची केबल, सोलरचा हट्ट आणि गायब बॅटऱ्या

खाडीकाठचा: कालची ती पोस्ट वाचल्यापासून डोकं फिरलंय म्हणून लिहितोय. म्हणे घारापुरीला समुद्राखालून केबल टाकण्यात 25 कोटी घातले ते पाण्यात गेले, तेवढ्यात सोलर नि बॅटऱ्या बसल्या असत्या आणि बेट "स्वावलंबी" झालं असतं. अहो, 2018 च्या फेब्रुवारीत लाइट आली, तोवर तिथे संध्याकाळी काही तास जनरेटर, तो बंद झाला की काळोख. समोर मुंबई झगमगतेय आणि बेटावरच्या शेतबंदर, राजबंदर, मोराबंदरची पोरं कंदिलावर बसलीत. साडेसात किलोमीटरवर ग्रिड, म्हणजे मुख्य भूमीवरचं वीजजाळं, असताना केबल नाही टाकायची तर काय करायचं? जुलैत चार दिवस सूर्य नसताना बॅटरीवर फ्रीज नि पंप चालवून दाखवा, मग बोलू.

उन्हाचा_भक्त: पोस्ट माझीच. अमेरिकन सामोआतलं ताऊ बेट बघा की जरा. 2016 मध्ये 1.4 मेगावॅट सोलर आणि 6 मेगावॅट-तास बॅटरी बसवली, तीन दिवस ऊन नसलं तरी निभावेल असा हिशोब धरून. आणि केबलवर जहाजाचा नांगर पडला तर? न्हावा-शेवाची जहाजं काय लांबून जातात का?

खाडीकाठचा: ताऊची वस्ती सहाशेच्या आत, आणि तिथे डिझेल बोटीने यायचं, शेजारी मुंबई नव्हती. उगाच काहीही जोडू नका.

मीटर_बघा: दोघेही बॅटरीचा आकार न बघता भांडताय. लक्षद्वीपच्या कवरत्तीत जानेवारी 2024 मध्ये उद्घाटन झालेला प्रकल्प घ्या, 1.7 मेगावॅट सोलर, 1.4 मेगावॅट-तास बॅटरी (एक मेगावॅट-तास म्हणजे हजार युनिट). एका किलोवॅटला दिवसाला चार युनिट धरले तर 6,800 युनिट झाले, आणि बॅटरीत मावणार 1,400. म्हणजे ही रात्र काढायची बॅटरीच नाही. ढग आला की सोलर एकदम पडतं, डिझेल जनरेटरला लोड उचलायला वेळ लागतो, तेवढ्यात फ्रिक्वेन्सी घसरून फीडर ट्रिप होतो, म्हणजे त्या लाइनची वीज जाते, तो खड्डा भरायला ती आहे. ताऊत पॅनेलच्या मानाने बॅटरी चौपटीहून जास्त, म्हणून तिथे रात्र निघते. पैसा तिथेच जातो.

माजी_सदस्य: तुमचे मेगावॅट राहू द्या, आमच्या गावची गोष्ट ऐका. पंचायतीने सोलरचे दिवे लावले, नारळ फोडला, फोटो काढले, आणि महिना व्हायच्या आत खांबावरच्या पेट्या फोडून बॅटऱ्या गायब. एक तर ट्रॅक्टरला लावलेली सापडली. खांब अजून उभेत, म्हशी बांधायला बरे पडतात. बेटावर काय वेगळं होणार?

उन्हाचा_भक्त: चोर तुमच्या गावचे आणि दोष सोलरला? धन्य आहे.

माजी_सदस्य: पुण्यात बसून बोलायला काय जातंय! पेटीला कुलूप टेंडरमध्येच नव्हतं.

सुमन_ताई: आमच्याकडे पण हेच!! चोरांनी बॅटरी नेली आणि पॅनेल ठेवलं, कारण भंगारवाला शिशाचा भाव देतो.

मीटर_बघा: ताई, मोठ्या प्रकल्पात लिथियमचे कंटेनर असतात, ते काय खांद्यावर टाकून नेणारेत का?

माजी_सदस्य: आमच्याकडे रोहित्रातलं तेल आणि तांबं नेतात साहेब, कंटेनरचं काय घेऊन बसलात. आणि पोलीस विचारतात, बिल आहे का बॅटरीचं? पंचायतीकडे बिल, हॅ!

सुमन_ताई: आणि उरलेल्या दिव्यांच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर कोण घालणार यावरून दोन ग्रामसभा गेल्या.

खाडीकाठचा: धागा घारापुरीचा होता, चोरीचा नाही. स्पेनचं एल हिएर्रो घ्या, 2014 पासून पवनचक्क्या आणि वरच्या तळ्यात पाणी चढवून साठवण, सलग आठवडे डिझेलशिवाय काढलेत, तरी डिझेलचं वीजकेंद्र मोडीत काढलेलं नाही. वारा पडला की तेच.

उन्हाचा_भक्त: बरं बाबा, घारापुरीला केबल बरोबर, झालं समाधान? पण लक्षद्वीपला मुख्य भूमीवरून कोण केबल ओढणार? डिझेल जहाजाने आणून जाळायचं, पावसाळ्यात समुद्र खवळणार म्हणून आधीच साठा करून ठेवायचा, याला शहाणपण म्हणायचं?

खाडीकाठचा: लक्षद्वीपला तुमचं चालू द्या. कवरत्तीत रात्री डिझेलच चालतं हे मात्र पुढच्या पोस्टमध्ये लिहा.

मीटर_बघा: ते सगळं सोडा. माजी सदस्य, तो ट्रॅक्टर कोणाचा होता?

माजी_सदस्य: चुलत भावाचा. म्हणून तर तक्रार पुढे सरकली नाही.