शब्दचर्चा : रोप तरारलं, फुटलं, की वाढलं?

प्रश्न : पाणी घातल्यावर रोप 'तरारलं' म्हणतो, शेंडा खुडल्यावर 'फुटवे आले' म्हणतो, सगळं जमून आलं की 'फोफावलं'. जीवशास्त्राच्या पुस्तकात मात्र सरसकट 'वाढ' आणि तिच्यामागे पेशीविभाजन. मग बागेतले हे शब्द एकाच गोष्टीची नावं आहेत का?

प्रतिसाद : नाहीत. आणि पुस्तकापेक्षा बागेतली भाषा इथे जास्त काटेकोर आहे, असं माझं मत.

'तरारणे'पासून सुरू करू. यात वाढ नाहीच. झाडाच्या पूर्ण वाढलेल्या पेशीत मधोमध एक मोठी रिक्तिका, म्हणजे पाण्याने भरलेली पिशवी असते. ती कित्येकदा पेशीची ९० टक्क्यांपर्यंत जागा व्यापते. परासरणाने, म्हणजे पातळ द्रावणाकडून दाट द्रावणाकडे पाणी आपोआप ओढलं जाण्याने, तिच्यात पाणी शिरलं की पेशी फुगते आणि बाहेरच्या पेशीभित्तिकेवर आतून दाब येतो. हा दाब मोटारीच्या टायरमधल्या हवेपेक्षाही जास्त असू शकतो. कोवळ्या देठात लाकूड नसतं, तो उभा राहतो या दाबावर. पाणी कमी पडलं की दाब उतरतो आणि रोप मान टाकतं. पाणी दिलं की पुन्हा तरारतं. ना एक पेशी वाढली, ना कमी झाली. वाढ म्हणायची तर ती परत न फिरणारी हवी.

आता खरी वाढ. तीही दोन टप्प्यांत होते, आणि 'पेशीविभाजन म्हणजे वाढ' असं पाठ केलं की नेमका दुसरा टप्पा निसटतो. मोड आलेल्या घेवड्याच्या मुळावर टोकापासून सारख्या अंतरावर शाईच्या बारीक रेघा ओढा आणि ते दमट कागदात ठेवा. दुसऱ्या दिवशी टोकामागच्या काही मिलिमीटरमधल्या रेघा एकमेकींपासून लांब गेलेल्या दिसतात. त्याहून वरच्या रेघा होत्या तिथेच. अगदी टोकाशी विभाजी ऊती असते, तिथे पेशी दुभंगतात. पण दुभंगलेल्या पेशी आकाराने लहानच असतात, त्यामुळे नुसत्या विभाजनाने लांबी फारशी मिळत नाही. ती मिळते जरा मागे, जिथे याच पेशी पाणी घेऊन कित्येक पट लांब होतात. त्यासाठी भित्तिका सैल व्हावी लागते. खोडात हे काम ऑक्झिन हे संप्रेरक करतं : त्याच्या प्रभावाने पेशी भित्तिकेत आम्लता वाढवते, भित्तिकेचे धागे एकमेकांवरून सरकू लागतात आणि आतला दाब तिला ताणतो.

म्हणून अंधारात ठेवलेलं रोप झपाट्याने उंच होतं, पण त्याला कुणी 'फोफावलं' म्हणत नाही. 'किडकिडीत लांबलं' म्हणतात, आणि बरोबर म्हणतात. तिथे मुख्यतः पेशी लांबलेल्या असतात. प्रकाशसंश्लेषण नाही, त्यामुळे नवं बांधकाम करायला साखर नाही. बियाण्यातला साठा संपला की खेळ खलास.

प्रतिसाद : 'फुटणे'बद्दल थोडं. पानाच्या बगलेत डोळा आधीपासून असतो, फक्त झोपलेला. शेंड्यातून खाली येणारं ऑक्झिन त्याला दाबून ठेवतं. शेंडा खुडला की तो दाब सुटतो, शिवाय शेंड्याकडे जाणारी साखर डोळ्याकडे वळते, आणि तिथलं विभाजन सुरू होतं. म्हणजे 'फुटवा' हा शब्द विभाजनाच्या सगळ्यात जवळचा. गवताची गोष्ट वेगळी : त्याच्या पात्याची वाढ बुडाशी होते, म्हणून वरून कापलं तरी तेच पातं पुन्हा वर येतं. त्याला फुटणं म्हणू नये.

प्रतिसाद : आणि 'निबर' राहिला. भित्तिकेत लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा पदार्थ) साचलं की ती पेशी आता ताणली जात नाही. देठ निबर झाला म्हणजे त्या जागेपुरतं लांबणं संपलं. जाडी मात्र वाढू शकते, ती बाजूच्या विभाजी ऊतीमुळे.

मूळ प्रश्नकर्ता : आभार. जाता जाता : खताच्या पिशवीवर 'झाडाचं अन्न' लिहितात, ते बरोबर का?

प्रतिसाद : विक्रीपुरतं ठीक, अर्थाने चूक. अन्न म्हणजे साखर, आणि ती झाड हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांपासून हरितलवकांत, म्हणजे पेशीतल्या हिरव्या कणांत, स्वतः बनवतं. सतराव्या शतकातल्या वान हेल्मॉन्ट या संशोधकाने विलो या झाडाचं सुमारे २.३ किलोचं रोप कुंडीत पाच वर्षं वाढवलं. झाड ७६ किलोंच्या वर गेलं, माती जेमतेम ५७ ग्रॅम घटली. (१६४८ मध्ये हे छापून आलं. त्याने सगळं श्रेय पाण्याला दिलं, हवा हिशेबात धरलीच नाही.) खतातून मिळतात ती नत्र, स्फुरद, पालाश ही खनिजं. नत्राशिवाय प्रथिनं नाहीत आणि स्फुरदाशिवाय नव्या पेशीसाठी डीएनए नाही, म्हणून ती हवीतच. पण त्यांना 'पोषकद्रव्यं' म्हणा. साखरेतून ऊर्जा काढण्याचं काम पेशीतल्या तंतुकणिका या सूक्ष्म भागांचं, आणि मुळांतल्या तंतुकणिकांनाही त्यासाठी ऑक्सिजन लागतो. कुंडीत पाणी साचलं की भरपूर खत असूनही मुळं सडतात ती त्यामुळे.

मूळ प्रश्नकर्ता : मग 'फळ धरलं' आणि 'फळ पोसलं' यांतही असाच फरक?

प्रतिसाद : अगदी. बऱ्याच फळांत धरल्यानंतरच्या सुरुवातीच्या काळात विभाजन होतं आणि पेशींची संख्या जवळपास ठरून जाते. पुढे असते ती फुगवण : त्याच पेशींत पाणी आणि साखर भरत जाणं. फळ आकाराने लहान का राहिलं, हे शोधताना दोन्ही टप्पे वेगळे बघावे लागतात. आणि शेवटी शेवटी कोरड्यानंतर एकदम भरपूर पाणी मिळालं, तर गर फुगतो, साल तेवढी ताणू शकत नाही आणि फळ तडकतं.