तरुणांची पर्यावरणाबद्दलची आस्था मोबाइलमधून येते की सहभागातून?

प्रश्न | नेरूळची शिक्षिका
मी अकरावीला पर्यावरण शिक्षण शिकवते. ध्रुवप्रदेशातील बर्फ वितळतो हे माझ्या विद्यार्थ्यांना रीलमधून पाठ झाले आहे. पण घराजवळच्या, फ्लेमिंगो उतरतात त्या डीपीएस तलावात भरतीचे पाणी कोणत्या मार्गाने येते, हे विचारले की वर्ग गप्प होतो. समाजमाध्यमांमुळे खरोखर आस्था निर्माण होते का? यावर त्यांच्याकडून प्रकल्प करून घ्यायचा आहे.

उत्तर | येऊर पायथा
समाजमाध्यमांना इतके हलके लेखू नये. २०२० मध्ये केंद्र सरकारच्या पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकनाच्या (प्रकल्पाला मंजुरी देण्यापूर्वी त्याचे पर्यावरणावरील परिणाम तपासण्याच्या) नियमांच्या मसुद्यावर हरकतींचे लाखो ई-मेल गेले ते टाळेबंदीत, जेव्हा मोर्चा काढणे शक्यच नव्हते, आणि त्यात तरुण आघाडीवर होते. मात्र मुंबईतील आरे वसाहतीत मेट्रो कारशेडसाठी झालेल्या वृक्षतोडीचे उदाहरणही पाहा: ऑक्टोबर २०१९ मध्ये समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली होती, तरी वृक्षतोडीला स्थगिती मिळाली ती कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावर (तोवर बहुतेक झाडे पडली होती, हा भाग वेगळा). संताप पुष्कळांना येतो. तो कोणाकडे आणि कोणत्या स्वरूपात मांडायचा, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

उत्तर | खाडीकाठ
ठाणे खाडीतील फ्लेमिंगो अभयारण्याला २०२२ मध्ये रामसर दर्जा (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून मान्यता) मिळाला, तेव्हा अभिनंदनाच्या संदेशांचा पूर आला. २०२४ मध्ये नेरूळ परिसरात फ्लेमिंगो मृत्युमुखी पडले, तेव्हा त्यांची छायाचित्रेही सर्वत्र फिरली. परंतु डीपीएस तलावात पाणी येण्याचे मार्ग बुजले होते, हे तिथे जाऊन पाहणाऱ्यांनाच दाखवता आले. विद्यार्थ्यांना एकाच जागेवरून भरतीच्या आणि ओहोटीच्या वेळी तलावात पाणी शिरते त्या तोंडाचे छायाचित्र काढायला सांगा, त्यावर तारीख व वेळ नोंदवायला लावा आणि ते तक्रारीला जोडून पोचपावती घ्यायला सांगा. मोबाइल तोच, पण काम निराळे.

उत्तर | कोपरीकर
झाडावर डकवलेली वृक्षतोडीची नोटीस वाचणे हाही चांगला पाठ आहे. हरकत नोंदवायला मतदानाचे वय लागत नाही, हे मुलांना कोणी सांगतच नाही. फक्त पक्ष्यांच्या विश्रांतीच्या जागांचे नेमके ठिकाण समाजमाध्यमांवर टाकू देऊ नका, नाहीतर रविवारी तिथे सेल्फीची जत्रा भरते.

प्रश्नकर्ती
मग एका गटाला केवळ ऑनलाइन साहित्य देते, दुसऱ्याला तलावाच्या नोंदी आणि तक्रारीचा पाठपुरावा. दोन्ही गटांना प्रकल्पाआधी आणि सत्राअखेर तीच प्रश्नावली भरायला लावीन. महापालिकेचे उत्तर न आल्यास दुसऱ्या गटाची आस्था टिकते की विरते, तेही नोंदवावे लागेल.